टांकसाळ सरकारलाही बंद हवी

डिसेंबर १९२५मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्ष भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे झाली. एडवर्ड हिल्टन यंग हे या कमिशनचे अध्यक्ष होते. बाबासाहेब तेव्हा चौतीस वर्षांचे होते आणि त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध दोन वर्षांपूर्वीच लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाला होता. कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी जे उपाय सुचवले, त्यांतला पहिला असा होता: चांदी घेऊन येणाऱ्या सामान्य माणसाला टांकसाळ बंद आहेच, ती आता सरकारलाही तितकीच बंद करा. नवे रुपये पाडणं थांबवा.

याच कमिशनने १९२६ साली मध्यवर्ती बँक स्थापन करण्याची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. त्यामुळे 'बाबासाहेबांच्या पुस्तकातून रिझर्व्ह बँक जन्माला आली' असं आपल्याकडे दरवर्षी लिहिलं आणि बोललं जातं. त्यामागचा आदर खरा आहे, पण या एका वाक्यात पुस्तकाचा गाभा हरवतो. चलन सांभाळायला एक संस्था हवी, हे सांगण्यासाठी ते पुस्तक लिहिलेलं नाही. पैसा वाढवण्याची मोकळीक सरकारच्या हाती राहिली तर ती वापरली जाणारच आणि त्याची किंमत गरीब मोजणार, हे त्याचं म्हणणं आहे. मुक्त बाजाराचा पुरस्कार करणारे अर्थशास्त्रज्ञ विसाव्या शतकात जगभर जो वाद घालत होते, त्याच्या ऐन मध्यभागी हा मराठी विद्वान उभा होता. ही गोष्ट आपल्या शाळा-कॉलेजांत कोणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तो वाद समजण्यासाठी जुना रुपया कसा चाले ते आधी पाहू. १८३५च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात एकच चांदीचा रुपया ठरवला. त्याचं वजन १८० ग्रेन आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. त्याआधी आपल्याकडे अंकुशी, चांदवडी, सुरती असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत आणि सराफ प्रत्येकाचा कस पाहून बट्टा ठरवत. पेशवाईत टांकसाळीचा परवाना खासगी माणसालाही मिळे. १७४४ साली नागोठण्याला असा परवाना दिल्याची नोंद आहे. पुढे हिणकस नाण्यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा पेशव्यांनी बऱ्याच टांकसाळी बंद केल्या.

१८३५नंतरच्या व्यवस्थेत नाणं सरकारचं होतं, पण किती नाणी पाडायची हे सरकार ठरवत नव्हतं. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं, पाडण्याचा आकार भरावा आणि रुपये घेऊन यावं. व्यापार वाढला, रुपयांची चणचण भासली की व्यापारी चांदी आणत. रुपये जास्त झाले की लोक ते वितळवून दागिने करत किंवा चांदी बाहेर पाठवत. देशात पैसा किती असावा हे लाखो माणसांच्या व्यवहारातून ठरत होतं, त्यासाठी कुठल्या अधिकाऱ्याची सही लागत नव्हती. मुक्त बाजारवाल्यांना हा जुना काळ का मोलाचा वाटतो, ते इथे कळतं.

या व्यवस्थेत दोष नव्हता असं मात्र नाही. १८७०नंतर जर्मनीने चांदी सोडून सोनं धरलं, इतर देश त्याच वाटेने गेले आणि चांदीचा भाव घसरत गेला. पूर्वी एका रुपयाला जवळपास २ शिलिंग मिळत, ते १८९२-९३पर्यंत १ शिलिंग ३ पेन्सच्या आसपास आले. इंग्लंडमधली पेन्शनं, कर्जावरचं व्याज, लष्करी सामान हा सगळा खर्च, ज्याला 'होम चार्जेस' म्हणत, भारत सरकारला पौंडांत भागवावा लागे. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागत आणि ते करांतून काढावे लागत. अखेर २६ जून १८९३ रोजी कायदा झाला आणि टांकसाळ लोकांसाठी बंद झाली.

पुढची सहा-सात वर्षं सरकारनेही जवळजवळ नवे रुपये पाडले नाहीत. रुपया हळूहळू दुर्मीळ झाला आणि १८९८पर्यंत १ शिलिंग ४ पेन्सवर येऊन पोहोचला. बाबासाहेबांच्या मांडणीचा पाया या घटनेत आहे. रुपयातली चांदी तेवढीच होती आणि तिचा भाव पडलेलाच होता, तरी रुपया वर चढला, तो केवळ संख्या मर्यादित राहिली म्हणून. चलनाचं मोल त्याच्या मर्यादेतून येतं, हे त्यांनी इथून उचललं. १८९८-९९च्या फाउलर समितीने सोन्याच्या नाण्यांवर उभं असलेलं सुवर्ण परिमाण सुचवलं होतं. पण १९००मध्ये सरकारने स्वतःच्या हिशेबाने रुपये पाडायला पुन्हा सुरुवात केली. बाबासाहेबांच्या मते गाडी इथे रुळावरून घसरली.

आता टांकसाळीची चावी एकट्या सरकारकडे होती आणि रुपयातल्या चांदीची किंमत रुपयाच्या दर्शनी किमतीपेक्षा कमी होती. म्हणजे पाडलेल्या प्रत्येक रुपयामागे सरकारला नफा. हा नफा एका राखीव निधीत जमा होई आणि त्याचा मोठा भाग लंडनमध्ये गुंतवलेला असे. लंडनमध्ये भारतमंत्री व्यापाऱ्यांना 'कौन्सिल बिलं' विकत. या एक प्रकारच्या हुंड्याच होत्या. तिथे पौंड भरायचे आणि इथे कलकत्त्याला किंवा मुंबईला रुपये घ्यायचे. हुंड्या जास्त खपल्या की इथे जास्त रुपये बाहेर पडत. परदेशी देण्याघेण्यापुरता रुपया सोन्याशी बांधलेला राही, पण देशातल्या माणसाला रुपयाच्या बदल्यात सोनं मागण्याचा हक्क नव्हता. या रचनेला सुवर्ण विनिमय परिमाण असं नाव पडलं.

जॉन मेनार्ड केन्स यांना ही रचना फार आवडली. इंडिया ऑफिसात काम केलेल्या या तरुण अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली 'इंडियन करन्सी अँड फायनान्स' हे पुस्तक लिहून तिची पाठराखण केली. लोकांच्या खिशात सोन्याची नाणी अडकवून ठेवणं म्हणजे उधळपट्टी, सोनं राखीव निधीत ठेवावं, देशात स्वस्त चलन फिरवावं आणि गरजेप्रमाणे ते कमीजास्त करावं, असा त्यांचा युक्तिवाद होता. दहा वर्षांनी बाबासाहेबांनी या मतालाच हात घातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे चलन ताणलं जातं, पण आखडत नाही. व्यापार तेजीत असताना बाहेर पडलेला रुपया मंदीत परत जात नाही, कारण तो परत घेण्याची सक्ती सरकारवर नाही. देशाबाहेरचा दर स्थिर दिसतो आणि देशातल्या किमती चढत राहतात. लोकांचं आयुष्य मात्र देशातल्या किमतींवर चालतं. १७९७ ते १८२१ या काळात बँक ऑफ इंग्लंडने नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं होतं. आपला रुपया त्या नोटेसारखाच झाला आहे, फरक इतकाच की तो कागदाऐवजी चांदीवर छापला आहे, असं त्यांनी ठामपणे मांडलं.

पहिल्या महायुद्धाने ही रचना पार उघडी पाडली. चांदीचा भाव इतका चढला की रुपयातली चांदीच १ शिलिंग ४ पेन्सपेक्षा महाग झाली. रुपये वितळवले जाऊ नयेत म्हणून सरकारने दर टप्प्याटप्प्याने वर नेला. दुसरीकडे चलनी नोटा दुपटीहून जास्त झाल्या. १९२०च्या फेब्रुवारीत रुपयाचा दर २ शिलिंग सोनं असा जाहीर झाला. तो बाजाराला पेलवला नाही. टिकवण्यासाठी सरकारने पौंडाच्या हुंड्या स्वस्तात विकल्या, साधारण साडेपाच कोटी पौंडांच्या. सप्टेंबरमध्ये तो नाद सोडावा लागला. दर ठरवणाऱ्यांपैकी कोणाचं घर त्यात गेलं नाही, तोटा भारताच्या तिजोरीने सोसला. बाबासाहेबांनी लंडनमध्ये प्रबंध लिहायला घेतला, तेव्हा हा प्रकार ताजा होता.

कमिशनपुढच्या निवेदनात हीच गोष्ट त्यांनी तत्त्व म्हणून मांडली. चलनाचं व्यवस्थापन सरकारच्या हाती असेल, तर व्यवस्थापित चलन मुळीच नको. बँकेने चूक केली तर तिच्या भागधारकांचा पैसा बुडतो, त्यामुळे ती जपून पाऊल टाकते. सरकारी अधिकाऱ्याच्या चुकीचा तोटा मात्र सगळ्या जनतेवर पसरतो आणि चूक करणारा मोकळा राहतो. त्यांचा उपाय असा होता: सरकारने रुपये पाडणं कायमचं थांबवावं, सोन्याची टांकसाळ उघडावी, सोन्याचं नाणं आणि रुपया यांचं प्रमाण कायद्याने ठरवावं आणि दोन्ही चालू द्यावीत. रुपयाच्या बदल्यात सोनं देण्याची हमीसुद्धा त्यांनी मागितली नाही. हमी देणारं सरकार निधी साठवतं, आणि निधी असला की पुन्हा चलन वाढवायला निमित्त मिळतं. त्यांना मर्यादा हवी होती, आणि ती मोडण्याची मुभा कोणालाही नको होती.

या सगळ्यामागे मजुराची काळजी होती. त्या काळात मुंबईचे गिरणीमालक आणि निर्यातदार १ शिलिंग ४ पेन्सचा स्वस्त रुपया मागत होते. सरकारला १ शिलिंग ६ पेन्स हवा होता आणि १९२७च्या कायद्याने तोच ठरला. स्वस्त रुपयाने व्यापाऱ्याचा फायदा होतो हे बाबासाहेबांनी नाकारलं नाही. तो फायदा येतो कुठून, एवढंच त्यांनी विचारलं. रुपया घसरला की आधी मालाच्या किमती चढतात, मजुरी बऱ्याच उशिराने वाढते. मधल्या काळात मजूर जे गमावतो ते मालकाच्या नफ्यात जमा होतं. परळ-लालबागच्या चाळींत राहणाऱ्या गिरणी कामगाराच्या बाजूने चलनाच्या प्रश्नाचा इतका बारकाईने विचार त्या काळी फार थोड्यांनी केला.

ऑस्ट्रियात लुडविग फॉन मिझेस यांनी १९१२मध्ये पैशावरचा आपला ग्रंथ लिहून असाच एक धागा धरला होता. नवा पैसा सगळ्यांच्या हाती एकाच वेळी येत नाही. ज्याच्या हाती आधी येतो तो जुन्या भावाने खरेदी करतो, शेवटी येतो त्याला चढा भाव द्यावा लागतो. व्याजदर कृत्रिमपणे खाली ठेवला की उद्योजक चुकीच्या ठिकाणी भांडवल ओततात आणि तेजीनंतर मंदी येते, असं त्यांचं आणि पुढे फ्रेडरिक हायेक यांचं मत होतं. हायेक यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात नोटांचा कागद होताना पाहिला होता. १९७६ साली, नोबेल मिळाल्यानंतर दोन वर्षांनी, त्यांनी सगळ्यात टोकाची मागणी केली: पैशावरची सरकारी मक्तेदारीच काढून टाका, खासगी बँकांना आपापलं चलन काढू द्या, ज्याचं मोल टिकेल तेच लोक वापरतील.

ही नुसती कल्पना नव्हती, स्कॉटलंडमध्ये अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात जवळपास हेच चाललं होतं. अनेक बँका आपापल्या नोटा काढत, एकमेकींच्या नोटा ठरावीक काळाने परत करत आणि जास्त छापणारी बँक लगेच उघडी पडे. बऱ्याच बँकांचे भागीदार सगळ्या मालमत्तेनिशी जबाबदार असत. १७७२मध्ये तिथली एअर बँक बुडाली, पण बाकीची व्यवस्था उभी राहिली. १८४५च्या कायद्याने ही मोकळीक आवळली गेली. आपल्याकडचा अनुभव वेगळा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मुंबईला कापसाच्या पैशाचा पूर आला, १८६५मध्ये शेअरबाजार कोसळला आणि सट्टेबाजांना सढळ हाताने कर्ज देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८मध्ये गुंडाळावी लागली. खासगी बँका आपोआप शहाणपणाने वागतात, असं मुंबईचा इतिहास पाहणारा माणूस म्हणू शकत नाही.

मुक्त बाजारवाल्यांतही एकमत नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी अॅना श्वार्ट्झ यांच्यासोबत १९६३ साली अमेरिकेच्या चलनाचा इतिहास लिहिला. १९२९ ते १९३३मध्ये अमेरिकेतला पैसा एक तृतीयांशाने आटला आणि मध्यवर्ती बँक बघत राहिली, म्हणून साधी मंदी महामंदी झाली, हा त्यातला ठपका. इथे पैसा जास्त झाल्याची तक्रार नव्हती, तो कमी पडल्याची होती. म्हणून त्यांनी सोनं मागितलं नाही, खासगी चलनही मागितलं नाही. दरवर्षी ठरावीक टक्क्याने पैसा वाढवावा, बँकेच्या प्रमुखाच्या मर्जीला त्यात जागा नसावी, एवढा एक नियम मागितला. बाबासाहेब मला या नियमवाल्यांच्या सगळ्यात जवळचे वाटतात. पण फ्रीडमन यांच्या या अभ्यासाने बाबासाहेबांच्या उपायातली उणीवही दिसते. रुपयांची संख्या गोठवायची आणि वाढीव गरज सोन्यावर सोडायची, तर खाणीत सोनं कमी निघालं किंवा लोक घाबरून पैसे काढू लागले की चलन आटतं आणि कोणालाच काही करता येत नाही. १९३०च्या दशकात ज्या देशांनी सोन्याची साथ लवकर सोडली, ते मंदीतून लवकर सावरले. बाबासाहेबांचा उपाय आज जसाच्या तसा घ्यावा असं मी म्हणणार नाही. त्यांचं निदान मात्र पुढच्या शंभर वर्षांत आपल्याकडे पुन्हा पुन्हा खरं ठरलं.

रिझर्व्ह बँकेच्या मूळ कायद्यात मर्यादा होती. नोटांच्या किमान ४० टक्के रकमेइतकं सोनं आणि पौंडांतले रोखे तारण हवे होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतातून माल आणि सेवा घेतल्या, मोबदल्यात लंडनमध्ये पौंडांची नोंद करून ठेवली आणि ती नोंद तारण धरून इथे नोटा छापल्या गेल्या. कायदा अक्षरशः पाळला गेला आणि १९३९ ते १९४५मध्ये चलनातल्या नोटा सहापटीहून वाढल्या. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात तांदळाचा भाव शेतमजुराच्या मजुरीला मागे टाकून कुठल्या कुठे गेला, त्यामागे या महागाईचा मोठा हात होता.

स्वातंत्र्यानंतर १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं. १९५५मध्ये असा करार झाला की सरकारची शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की रिझर्व्ह बँकेने आपोआप अल्पमुदतीचे रोखे घेऊन पैसे पुरवायचे. त्याच साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा आला, त्यात १,२०० कोटी रुपयांचा तुटीचा अर्थभरणा होता. अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळात एकट्या बी. आर. शेणॉय यांनी असहमतीची टिप्पणी जोडली: एवढा पैसा निर्माण केला तर महागाई आणि परकीय चलनाची ओढ अटळ आहे. दोन वर्षांत परकीय गंगाजळी आटली. त्याच काळात, १९५६मध्ये, ४० टक्क्यांची अट काढून ठरावीक रकमेची अट आली, आणि १९५७मध्ये तीही २०० कोटी रुपयांवर आणली, त्यांत ११५ कोटींचं सोनं. मर्यादा आड आली तेव्हा मर्यादाच हलवली गेली. ही २०० कोटींची अट आजही कायद्यात आहे आणि तिच्यावर ३५ लाख कोटींहून जास्त चलन उभं आहे.

आपोआप पैसे पुरवण्याची पद्धत १९९७ला थांबली. २००३च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्यानुसार २००६पासून सरकारचे रोखे थेट विकत घेण्यावर रिझर्व्ह बँकेला बंदी आली, तीही अपवाद ठेवून. २०१६मध्ये सहा जणांची पतधोरण समिती नेमली गेली आणि महागाई ४ टक्के, फार तर २ टक्के इकडेतिकडे, असं उद्दिष्ट ठरलं. रुपयाला कायद्याने नियम घालण्याचा हा आतापर्यंतचा सगळ्यात गंभीर प्रयत्न आहे.

बाबासाहेबांना मुक्त बाजाराच्या तंबूत बसवण्याचा मोह कोणालाही होईल, पण ते अन्यायाचं ठरेल. १९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी असं म्हटलं, आणि तेही संविधानातच लिहावं असा आग्रह धरला. उद्योग राज्याकडे आणि टांकसाळ राज्यालाही बंद, या दोन मागण्या एकाच माणसाच्या आहेत. मला त्यांत विसंगती दिसत नाही. सत्ता कोणाच्याही हाती असो, ती त्या त्या दिवशीच्या मर्जीने नव्हे, आधी लिहिलेल्या नियमाने चालावी, हा दोन्हींतला समान आग्रह आहे. केंद्राच्या कर्जाला संसदेला कायद्याने मर्यादा घालता येईल अशी तरतूद संविधानाच्या २९२व्या अनुच्छेदात आहे, तीही याच विचाराला धरून आहे.

म्हणून आजच्या कायद्यातली एक गोष्ट मला खटकते. महागाईचं उद्दिष्ट दर पाच वर्षांनी केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून ठरवतं. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त कर्ज काढायचं असतं आणि महागाईने ज्याच्या कर्जाचं ओझं हलकं होतं, त्याच्याच हाती ही दोरी आहे. हे उद्दिष्ट बदलायचं असेल तर अधिसूचना पुरेशी ठरू नये. कारणं मांडून, चर्चा करून, संसदेच्या दोन्ही सभागृहांत मतदान घेऊनच ते बदलता यावं, अशी दुरुस्ती रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात व्हायला हवी. चलनाचा विषय तज्ज्ञांचा आहे असं म्हणून आपण तो सोडून देतो. तसं न करता आपल्या खासदाराला हा प्रश्न विचारावा, अशी वाचकांना विनंती आहे.